कल्पनाशक्ती नसलेली टेप

वर्डेल पेटिसने गाणी केली ती एका माणसाला बदनाम करायला. नाव व्हावं म्हणून नाही, पोट भरावं म्हणूनही नाही. लेम्युएल ग्रँबी या माणसाला गल्लीत मान वर करून चालता येऊ नये, एवढ्याचसाठी.

मेम्फिसच्या दक्षिण भागात कर्टिसच्या दुकानात ती गाड्यांना स्पीकर बसवायची. वय चोवीस, बोटांवर तांब्याच्या तारांचे ओरखडे, बोलणं तुटक. स्पीकर बसला की कर्टिस एक टेप लावून गाडीची डिकी थरथरते का ते बघायचा आणि ती टेप तशीच गाडीत सोडून द्यायचा. मग गिऱ्हाईक ती गावभर वाजवत फिरे. आसपासच्या पोरांची काळीकुट्ट गाणी अशीच पसरायची. रेडिओवाले त्यांना दारातही उभं करत नसत.

ग्रँबी तिचा घरमालक. घरातल्या गॅसच्या हीटरचं धुराडं तुंबलं होतं, विषारी वायू खोलीतच साचत होता. वर्डेलच्या आईने त्याला तीनदा सांगितलं. दोनदा तो नुसता हो म्हणाला. तिसऱ्यांदा आला आणि धुराड्याच्या फटीवर चंदेरी चिकटपट्टी लावून गेला. फेब्रुवारीच्या ज्या आठवड्यात बर्फाने गावातल्या विजेच्या तारा तोडल्या, त्याच आठवड्यात आई हीटरशेजारी बसल्या बसल्या गेली. वर्डेल कामावरून आली तेव्हा तिच्या मांडीवर अर्धवट सोललेलं रताळं होतं. सुरी खाली पडली होती.

डॉक्टरने कागदावर हृदयविकार लिहिला. दोन दिवसांत ग्रँबीने नवा हीटर बसवला. जुना कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. मयताच्या घरी त्याने भलंमोठं भाजलेलं हॅम पाठवलं. लोक म्हणाले, डीकन मनाचा मोठा. चर्चमध्ये तो डीकन होता, पाद्र्यांच्या हाताखालचा मानाचा कारभारी. वर्डेलने ते हॅम अंगणात नेऊन कुत्र्यांपुढे टाकलं. लोकांच्या तेवढंच लक्षात राहिलं.

मग सहा महिने ती टेपवर काम करत बसली. गावात अशा टेपांचा सुकाळ होता. प्रत्येकीत प्रेतं, थडगी, सैतान. वर्डेलनेही तोच वेष घेतला, कारण दुसरा तिला माहीत नव्हता. ढोल संथ, मागे घंटा, आवाज मशीन हळू करून पार खर्जात नेलेला. टेपचं नाव ‘थंड घर’. पण दहाही गाण्यांत तिने ग्रँबीचं पूर्ण नाव घातलं, रस्ता आणि घरक्रमांक घातला. तिला वाटलं, नाव घेतलं की झालं.

टेप गाड्यागाड्यांतून फिरली. कुणीतरी ती गावातल्या फुकट साप्ताहिकाच्या टॉड विन्स्लोला दिली. त्याने अर्धं पान लिहिलं. कर्टिस ते दुकानात मोठ्याने वाचू लागला.

“‘या वर्षातलं सर्वांत भयाण आणि सर्वांत सुंदर पदार्पण. खलनायकासाठी लेम्युएल ग्रँबी हे नाव सुचणं, यातच प्रतिभा दिसते. चिकटपट्टीने बुजवलेलं धुराडं ही तर थेट कवीची प्रतिमा.’ अगं, प्रतिभा म्हणतोय तुला! पेपरवाल्यांनी या गल्लीतल्या कुणाला आजवर चोर सोडून काही म्हटलंय का?”

“ती प्रतिमा नाही,” वर्डेल म्हणाली. “चिकटपट्टीच होती.”

दुसऱ्या दिवशी ती साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. विन्स्लो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली. चांगला मुलगा होता. त्याचाच तिला जास्त राग आला.

“हे सगळं खरं आहे,” ती म्हणाली. “तसं छापा.”

“तेच तर!” तो म्हणाला. “ऐकताना अगदी खरं वाटतं. तीच तुमची कमाल आहे.”

“वाटतं नाही, साहेब. झालंय. माझी आई मेली.”

त्याचा चेहरा मऊ झाला. “दुःखातूनच मोठी कला येते,” तो म्हणाला. ती खुर्ची सरकवून निघून आली.

आठवड्याने ग्रँबी स्वतः दुकानात आला. इस्त्रीची पँट, तोंडात लवंगेची गोळी.

“दोन टेपा दे गं. एक मेहुणीला पाठवायचीय. मी सैतान आहे म्हणे, पेपरात आलंय! आयुष्यभर भाडी गोळा केली, कुणी विचारलं नाही, आणि आता बघ.” तो पुढे वाकला. “तुझी आई असती तर पोट धरून हसली असती, पोरी.”

वर्डेलच्या हातात पक्कड होती. तिने त्याच्या मानेच्या शिरेकडे पाहिलं. मग दोन टेपा काढून काउंटरवर ठेवल्या. त्या दिवशी तिला कळलं की हा माणूस तिनेच शिवलेल्या मुखवट्याआड सुखाने उभा आहे.

तिने दुसरी टेप करायला घेतली. ढोल काढले, घंटा काढली. आवाज जसा होता तसा ठेवला, थोडा घोगरा, थोडा नाकातला. आईने ग्रँबीला ज्या तीन दिवशी सांगितलं त्या तारखा वाचल्या. पत्ता वाचला. हीटर कधी बदलला ते वाचलं. मग शेजारच्या मिस अर्नेस्टीनकडे गेली. चिकटपट्टी लावली तेव्हा म्हातारी तिथेच उभी होती. तिचंही घर ग्रँबीचंच.

“घराबाहेर काढेल गं मला तो.”

“काढेल,” वर्डेल म्हणाली.

म्हातारीने उठून खिडकी लावून घेतली. “बहिणीकडे जाईन मग. तिचा स्वयंपाक भिकार आहे, पण जाईन. आण तो माइक. आणि हे बघ, माझा आवाज राक्षसासारखा करायचा नाही.”

ही टेप कुणी गाडीत वाजवली नाही. तिच्याने डिकी थरथरतच नव्हती. कर्टिसने तरी नेटाने प्रत्येक गाडीत एक सोडली. वर्डेलने स्वतः एक पाकिटात घालून विन्स्लोला पाठवली.

तीन आठवड्यांनी कर्टिस पेपर शर्टाच्या आत लपवून आला. “आज नको वाचूस. जेवून घे आधी.”

तिने तो ओढून घेतला.

“‘थंड घर’नंतरची ही टेप म्हणजे घोर निराशा. कल्पनाशक्ती पुरती आटली आहे. ग्रँबी हे आता पात्र उरलेलं नाही, तो निव्वळ एक घरमालक आहे ज्याने हीटर दुरुस्त केला नाही. तारखा, पत्ते, शेजारणीची साक्ष. यात रचलेलं काहीच नाही. या नुसत्या घडलेल्या गोष्टी आहेत.”

वर्डेलने ते तीनदा वाचलं आणि हसायला लागली. आई गेल्यापासून कर्टिसने तिला हसताना पाहिलं नव्हतं. तो घाबरलाच.

“बाई, ठीक आहेस ना?”

“फोटोकॉपीचं दुकान किती वाजता बंद होतं?”

रविवारी ती कात्रणाच्या प्रती वाटत ग्रँबीच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली. टोप्या घातलेल्या, पंखे घेतलेल्या बायका येत होत्या. त्यांनी जन्मात असली टेप ऐकली नसती, पण पेपरचं कात्रण कुणीही हातात घेतं. ग्रँबी डाव्या दाराशी सर्वांचं स्वागत करत उभा होता. पाद्र्यांची बायको, जिला चर्चमध्ये सगळे सिस्टर लव्होनिया म्हणत, चष्मा लावून तिथेच थांबली.

“डीकन, हे काय आहे?”

“गाणं हो, सिस्टर. पोरीची कल्पना. आधीही केलं होतं तिने, पेपरात कौतुक झालं.”

“इथं लिहिलंय, कल्पना नाही म्हणून.” तिने ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचलं, बायबल वाचावं तसं एकेक शब्द सुटा करून. “‘यात रचलेलं काहीच नाही.’”

पायऱ्यांवरचे लोक थांबले.

“त्या पेपरवाल्या पोराला काय कळतंय?” ग्रँबी म्हणाला. “तोच आधी म्हणाला होता की…”

“तुझ्या बाजूने म्हणाला तेव्हा कळत होतं त्याला?” मागून मिस अर्नेस्टीन म्हणाली. “जुना हीटर कुठे टाकलास, लेम्युएल?”

ग्रँबीने कात्रण घ्यायला हात पुढे केला. सिस्टर लव्होनियाने कात्रणाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उजव्या दाराने आत गेली. तिच्या मागच्या बायकाही तिकडेच वळल्या, मग त्यांचे नवरे.

ग्रँबी डावं दार धरून उभा होता. त्यातून कुणीच जात नव्हतं. आत गाणं सुरू झालं. वर्डेलजवळच्या प्रती कधीच संपल्या होत्या, तरी ती पायरीवरून हलली नाही. त्याने दार सोडेपर्यंतचा त्याचा चेहरा तिला पूर्ण बघायचा होता.