रोख काढले तर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दिवसांतही नाही. सांगायचं ठरवलं की भीती वाटते — आत्ताही वाटते आहे. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून कदाचित जमेल. आणि एवढं घाबरण्यासारखं मी केलं तरी काय? खून केला नाही, दरोडा घातला नाही. एका बाईला धंद्यासाठी क्रेडिट कार्ड निवडून दिलं, एवढंच. — नाही, एवढंच नाही. पण सुरुवात तिथून झाली.

लालबागला आमच्याच मजल्यावर शैलावहिनी राहतात. आमच्या गावच्याच, मालवणकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं मसाल्याचं दुकान बंद पडू दिलं नाही. मागे कांडपाचं यंत्र, पुढे गल्ला, आणि धावपळीला धाकटा दीर सुहास. मिरची पारखून आणणं, पोती उतरवणं, मिरची कांडताना उठणाऱ्या तिखट खाटात शिंकत उभं राहणं — सगळं तोच करायचा. लग्न केलं नव्हतं त्याने. वहिनींचं घर हेच त्याचं घर.

मी एका कंपनीत हिशेब बघतो. मजल्यावर इंग्रजी कागद आला की माझ्याकडे यायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी — पण त्या गाईला आपण लंगडे आहोत हे कुठे आठवतं? तर काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याचा हंगाम तोंडावर असताना, वहिनी दोन कार्डांची माहितीपत्रकं घेऊन आल्या. छोट्या धंदेवाल्यांसाठी अशी कार्डं निघाली होती. कुठलं घेऊ, भावोजी?

मला केवढा हुरूप आला होता! मी चक्क तक्ता केला. एका कार्डाला खर्चावर भरपूर पॉइंट, वर विमानतळावर फुकट चहा-नाश्ता. दुसरं साधं, पॉइंट थोडे, वर्षाची फी जवळजवळ नाही. मी पहिल्यावर बोट ठेवलं. वहिनी आयुष्यात विमानात बसलेल्या नाहीत, पण तक्त्यात तो रकाना भरलेला छान दिसत होता. म्हटलं, दीड महिना व्याज नाही, हंगामाचे पैसे आले की भरून टाका, वर पॉइंट मिळतील ते वेगळे.

"भावोजी, तुम्ही सगळं वाचलंत ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणालो.

वाचलं नव्हतं. पॉइंटांचं पान वाचलं होतं. मागच्या बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचतो? तुम्ही वाचता? — असो. तुमचा यात काय संबंध.

मिरचीचा घाऊक व्यापार रोखीवर चालतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, माझा बाप त्याच बाजारात हमाली करायचा. घाऊक व्यापारी काही कार्ड घेईना. मग सुहास, वहिनींना सांगून, त्याच कार्डावर मशीनमधून रोख काढायचा आणि मिरची आणायचा. दोघांना वाटत होतं, दीड महिना व्याज नाही. भावोजींनी सांगितलंय ना.

पहिलं बिल आलं ते घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या. काढले त्यापेक्षा रक्कम मोठी होती. मी कागद उलटा केला, आणि या वेळी मात्र मागची बाजू वाचली. रोख काढली तर एक दिवसाचीही सूट नाही. काढली त्या दिवसापासून व्याज, तेही सणसणीत, आणि दरवेळी वेगळं शुल्क. साध्या कार्डावर हा भार कितीतरी कमी होता. नंतर पाहिलं, तेही त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं.

"वहिनी, चुकलं माझं" — तीन शब्द. त्या समोर बसल्या होत्या, हाताला हळद लागलेली, डोळे माझ्या तोंडाकडे. पण मजला मला काय म्हणेल? ज्याच्याकडे सगळे कागद आणतात तो न वाचताच 'वाचलं' म्हणतो? मी घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते किती थंडपणे निघतं, बघा.

"वहिनी, हे कार्ड कोणाकोणाच्या हातात जातं?"

फक्त एक प्रश्न विचारला मी. कोणाचं नाव घेतलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय — नाव घेतलं नाही.

त्यांचा चेहरा पडला. बिलाची घडी घालून त्या उठल्या. पुढच्या बिलाला त्यांनीच विचारलं, सुहास सांगतो त्याहून जास्त काढतो का? मी म्हणालो, मी बँकेत विचारलंय, बँकेची चूक नाही. बँकेत मी गेलोच नव्हतो.

एका संध्याकाळी जिन्यात सुहासने मला गाठलं. धिप्पाड माणूस तो, पण आवाज बसला होता. "दादा, तू वैनीक सांग रे. तुझा ऐकतली ती. मी एक रुपयोसुद्धा घेवक नाय." मी म्हटलं, बघतो. आणि त्याला वाट देऊन वर निघून आलो.

हंगाम संपल्यावर कांडप थांबवताना वहिनी यंत्रापुढे नारळ ठेवतात. आमच्यातले म्हातारे तात्या देवाला गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे साथ देतात. त्या वर्षी तात्यांनी मध्येच आवाज चढवला — "ज्या कोणी ह्या घरचे पैसे खाल्ल्यान, तेका तुझ्या पायाकडे हजर कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज सुहासचा होता. मी त्याच्या शेजारी हात जोडून उभा होतो. मीही म्हणालो. गप्प राहिलो असतो तर कोणाच्या लक्षात आलं असतं, या भीतीने म्हणालो.

मी देवभोळा नाही. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं आहे. तेव्हापासून पोटात जरा दुखलं तरी तात्यांचा आवाज आठवतो. पैसे तर मी खाल्ले नाहीत, मग मला का आठवावा?

वहिनींनी पाटल्या मोडून कार्डाचं देणं मिटवलं. सुहासला त्यांनी जा म्हटलं नाही, फक्त गल्ल्याची चावी कमरेला लावली. तो समजला आणि गेला. आता शिवडीला गोदामात माल चढवतो, अँटॉप हिलला कोणाबरोबर तरी राहतो. गणपतीला गावच्या घरी येत नाही. आमच्यात गणपतीला न येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. विसर्जनाला मूर्ती डोक्यावर तोच घ्यायचा. आता भाड्याचा माणूस घेतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आरतीला टाळ वाजवतो.

इथे थांबलो असतो तर हे जुन्या चुकीचं सांगणं झालं असतं. पण गेल्या रविवारी वहिनी पुन्हा आल्या. हातात पुन्हा दोन माहितीपत्रकं, नवी कार्डं. "तुम्हीच बघा, भावोजी. मागचंही तुम्ही चांगलंच निवडून दिलं होतं. घरचाच माणूस वाईट निघाला, त्याला तुम्ही काय करणार?"

या वेळी मी शब्द न् शब्द वाचला. समजावूनही सांगितला. पॉइंटांवर जाऊ नका, म्हटलं, तुमचा धंदा रोखीचा आहे, आणि रोख काढले तर त्याच दिवसापासून व्याज लागतं, दीड महिन्याची सूट त्याला नसते.

वहिनी पुढे सरकून बसल्या.

"भावोजी... मागच्या कार्डाला पण असंच होतं काय?"

त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मी नीट पाहिलं, म्हणून सांगतो. त्या आशेने विचारत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना दिराला हाक मारायची वाट दिसली होती. माझं एक 'होय' त्यांना पुरलं असतं. त्या तशाच उठून शिवडीला गेल्या असत्या.

"नाही," मी म्हणालो. "हा नियम आता नवीन आलाय."

"मग सुहासच," त्या म्हणाल्या. कागद गोळा केले, आणि या वर्षीच्या मसाल्याची बरणी माझ्यासाठी ठेवून गेल्या.