उभा ठेवलेला सरदार

अमळनेर-धुळे एसटीत सर नेहमी खिडकीशी बसत, मांडीवर वही घेऊन. कित्येक शतकांपूर्वीचं एक फ्रेंच वीरकाव्य ते मराठीत आणत होते आणि एकेका शब्दासाठी कुणालाही अडवत.

“खोगीर आवळायच्या पट्ट्याला काय म्हणता तुम्ही?”

मी ऐटीत सांगितलं, “बेल्ट!”

मागच्या सीटवरचे आबा म्हणाले, “तंग.” सरांनी तंग लिहिलं आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. मुळातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी त्यांना चोरी केल्यासारखं वाटे.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांची थोरली बहीण शेवटच्या दुखण्यात पडून होती. रोज ते तिला नवा भाग वाचून दाखवत. एकदा मीही सोबत गेलो. वेढ्यात सापडलेला जखमी सरदार तलवार टेकून लढतच होता. अक्कांपुढे हुशारी दाखवायची म्हणून मी बोलून गेलो, “सर, हा मागच्या सोमवारीच मेला ना? बसमध्ये तुम्हीच म्हणालात.”

सरांचा चेहरा उतरला. आठवडाभर ते मुळात नसलेल्या लढाया रचून वाचत होते, हे मला तेव्हा कळलं.

अक्का हळूच म्हणाल्या, “मले माहीत व्हतं. मरू दे भाऊ त्याले आते. कितला दिन उभा ठेवशी? थकी गया तो.”

सरांनी वहीची पानं मागे उलटली आणि सरदाराचं मरण वाचलं, एकही शब्द न गाळता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मीही जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो.