कोळंबीचा दुसरा डोळा

मार्च संपत आला की माझ्या वाट्याला संप्रेरकांचा धडा उरतो. शहाद्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते मी. तोच धडा, तेच कुरकुरणारे पंखे, खालच्या रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरवर वाजत जाणारी तीच गाणी. कंटाळा आलाय, हे आता लपवतही नाही. त्यात वर्षभर पाळीने पिच्छा पुरवलेला. अंगात रक्त नाही, पायात त्राण नाही, आणि खुर्चीत बसून शिकवलं की पोरं कुजबुजतात.

घरी यावर एकच तोडगा. पिशवी काढून टाक. सासूबाईंनी काढली, नणंदेने काढली, मोठ्या जाऊबाईंनी तर पस्तिशीतच.

"दोन पोरे व्हयनात, आते ती पिशवी काय लोणचं घालाले ठेवनी शे?" सासूबाई म्हणायच्या.

खरी अडचण कानबाईची. श्रावणात देवी बसते, सुनांनी सोवळ्यात नैवेद्याचे रोट करायचे, आणि माझी पाळी नेमकी तेव्हाच कडमडायची. उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन उरकलं तर श्रावणापर्यंत मी चुलीपुढे उभी राहीन. तारीख घ्यायला सोमवारी दवाखान्यात जायचं ठरलं. मी हो म्हणाले. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

आदल्या शनिवारी वर्गात कोळंबी आली. तिच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते. तिचं संप्रेरक रक्तातून अंडाशयाला सांगत राहतं, थांब, घाई नको. पैदास केंद्रात मादी अंडी धरेना, की तिच्या एका डोळ्याचा देठ कापतात. थांब म्हणणारं कमी झालं की अंडाशय भरू लागतं.

"मॅडम, आणि दुसरा डोळा?" एका मुलीने विचारलं.

"तो ठेवतात. दोन्ही कापले तर ती जगत नाही."

हे मी दरवर्षी सांगते आणि फळा पुसते. या वेळी पुसता पुसता मला जाऊबाई आठवल्या.

रविवारी आम्ही दोघी गच्चीवर वाळवणाच्या बिबड्या घालत होतो. जाऊबाईंची पिशवी काढली तेव्हा दोन्ही अंडाशयंही काढली होती. हे त्यांना घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून त्यांचे सांधे धरतात, उभ्या उभ्या घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात, उष्णता झाली. आमच्याकडे न कळलेल्या सगळ्याला उष्णता म्हणतात. हात चालू असताना मी त्यांना कोळंबीची गोष्ट सांगितली, अंडाशयही असंच रक्तातून हाडांशी, झोपेशी बोलत असतं, हेही सांगितलं.

त्यांचा ज्वारीच्या पिठाने माखलेला हात तसाच थांबला.

"तिना एक डोळा तरी ठेवतस," त्या म्हणाल्या. "मन्हं तं दोन्ही काढी लिधं. माले कोणी इचारं बी नही."

मला रडू आलं आणि संतापही आला. तशीच खाली गेले आणि सासूबाईंना सांगितलं, उद्या मी येणार नाही, आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारीन.

"मंग कानबाईना रोट कोण करी?"

मागे जिन्यात पावलं वाजली. दुखरा गुडघा धरत जाऊबाई उतरत होत्या.

"मी करसू एकली," त्या म्हणाल्या. "तिले कापू नका."