इवायाची बिडी

गोंदियात नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले, तेव्हा रोग्याची बिडी सोडवणं हा विषय नव्यानेच अभ्यासात आला होता. आधी विचारा, मग समजवा, सोडायचा दिवस ठरवा, पाठपुरावा करा. पुस्तकात सगळं कसं गुळगुळीत! आणि माझ्या मुली कुठल्या, तर तिरोड्याच्या, अर्जुनीच्या, देवरीच्या. बापाच्या नि आज्याच्या बिडीच्या धुरातच वाढलेल्या. सराव म्हणून वर्गात एकीला रोगी केलं की ती अशी झकास खोकायची की बाकीच्या हसून लोळायच्या. "हसता काय भवान्यांनो!" असं मी ओरडायचे, आणि मग मलाही हसू फुटायचं.

वॉर्डात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धान पिकवणारा एक पन्नाशीचा शेतकरी दाखल झाला होता. बिडीपायी त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत चालल्या होत्या. डाव्या पायाची दोन बोटं आधीच कापली होती आणि तिसरं काळं पडत होतं. डॉक्टरांनी आपल्या गोंदियाच्या हिंदीत सरळ सांगून टाकलं, "बीडी बंद करो, तो शायद पैर बचेगा. नहीं तो घुटने के नीचे से काटना पड़ेगा."

हा रोगी मी वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीकडे सोपवला. तिने काय जादू केली कोण जाणे, त्याने बिड्यांचा कट्टा काढून तिच्या हातात दिला. "घे बाई. पाय गेला तं धानाच्या बांधीत कोन जाईल माह्या?" पुढचे दिवस वाईट गेले. तो बायकोवर खेकसायचा, ताट सरकवून द्यायचा. पोरगी निमूटपणे त्याच्या हातावर बडीशेप ठेवायची आणि बसून राहायची. पण बिडी बंद होती. मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली.

रविवारी त्याचा व्याही भेटायला आला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. थोड्या वेळाने पोरगी रडवेल्या तोंडाने धावत माझ्याकडे आली. "मॅडम, त्यायनं ओढली!"

वॉर्डामागच्या नळापाशी दोघे उकिडवे बसून मजेत धूर काढत होते. माझं डोकंच फिरलं. "बाबाजी, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का?" व्याही बिचारा गोरामोरा होऊन निघून गेला. रोगी खाटेवर येऊन बसला, मान काही वर करेना. "इवायानं देल्ली, बाई. माही पोरगी त्याच्या घरी आहे. नाई कसा म्हनू?"

मीही इथलीच. व्याही व्याह्याजवळ बसला की पाण्याच्या आधी बिडी पुढे येते. ती नाकारली म्हणजे नात्यात काहीतरी बिनसलं, आणि त्याचे टोमणे पोरीला चुलीपाशी ऐकावे लागणार. मी मुलींना बिडीला नाही म्हणायला शिकवत होते. इवायाला नाही कसं म्हणायचं, ते पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी माझी ती अबोल मुलगी खांद्यावर टॉवेल टाकून त्याच्या खाटेपाशी उकिडवी बसली. "मी बनतो इवाई. तुमी नाई म्हना." तिने कागदाची सुरळी पुढे केली, "घ्या जी इवाई!" आणि त्याचा हात आपसूक पुढे आला. अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "अजी, तुमी तं पोरीले बी नाई म्हनू नाई शकून राहिले!"

"काऊन घेतली?" पोरगी डाफरली.

"हातच जाते ना वो!"

पुन्हा सराव, पुन्हा तेच. मग एकदा त्याने सुरळी घेतली, कपाळाला लावली आणि कानावर खोचून टाकली. "घेतली. मान राहिला. पन ओढत नाई." पोरीने माझ्याकडे पाहिलं. हे आमच्या पुस्तकात कुठेच बसत नव्हतं. "चालेल," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी व्याही आला आणि दोघे पुन्हा नळापाशी गेले. नळ खिडकीखालीच होता. आम्ही दोघी आत उभ्या. जणू माझीच परीक्षा होती. व्याह्याने बिडी दिली. याने ती घेतली, कपाळाला लावली, कानावर ठेवली. पण व्याह्याने काडी पेटवलीसुद्धा होती, आणि ती त्याच्या तोंडापुढे धरली.

"पेटवा ना जी."

रोग्याचा हात कानाकडे गेला. पोरीने माझं मनगट घट्ट धरलं. मग तो हात खाली आला. "इवाई, मले तुमच्या घरी चालत याचं आहे. कोनाच्या खांद्यावर नाई याचं. डाक्तर म्हनते, बिडी ओढली तं पाय कापा लागते."

काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा व्याह्याने ती झटकली. त्याने आपल्या ओठांतली बिडीही काढली आणि कितीतरी वेळ तो त्या बांधलेल्या पायाकडे बघत राहिला.

"आधी काऊन नाई सांगतलं जी? सूनबाईच्या बापाचा पाय मीच कापून राहिलो होतो का?"

तिसरं बोट शेवटी गेलंच. पाय मात्र राहिला. सुट्टी झाली त्या दिवशी न्यायला व्याहीच आला आणि त्याला आधी लेकीच्या घरी घेऊन गेला.