पुढून ओढणारी गाडी

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात भगवंताचं पत्र्याचं गॅरेज होतं. खरवईचा हा शेतकऱ्याचा मुलगा लढाईच्या दिवसांत लष्करी लॉऱ्यांवर काम शिकला. लष्कर गेलं, बराकींत सिंधी कुटुंबं आली, आणि भगवंता तिथेच राहिला. चाकं सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याची रीत साधी. मागच्या चाकापासून पुढच्या चाकाच्या पुढपर्यंत दोरी ताणायची आणि चाकाच्या दोन्ही कडा तिच्यापासून किती दूर आहेत ते बघायचं. दोरीचं दुसरं टोक त्याची बायको काशी धरायची.

गेलं वर्षभर मात्र त्याला दोरी नीट दिसत नव्हती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. हे त्याने काशीलाही सांगितलं नाही. नजर गेली म्हणजे गॅरेज गेलं, दुसरं काही त्याला येत नव्हतं.

अशात अंबरनाथच्या कारखान्यातले अधिकारी विष्णुपंत आपली फ्रेंच गाडी घेऊन आले. बुटकी, काळी, वाऱ्यासारखी पळणारी. इंजिनचा जोर हिच्या पुढच्या चाकांवर.

"भगवंता, रविवारी शर्यत आहे. तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही."

"साहेब, ही ढकलत नाय, ओढते. हिची पुढची चाकं तोंडाशी जराशी बाहेर वळलेली ठेवायची. जोर आला की आपसूक सरळ होतात."

दोरी ताणली. भगवंता गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला.

"आवो, जाम भायेर दिसतंय," काशी म्हणाली.

"तू नुसती दोरी धर."

"धरून म्हातारी जाले. पन डोले हायेत ना मला!"

विष्णुपंत हसले. भगवंता हसला नाही. त्याने चाकं तशीच ठेवून बोल्ट आवळले.

दोन दिवस बदलापूरच्या रस्त्यावर गाडी पळवून विष्णुपंत परतले. "मस्त पळते रे. जरा भिरभिरते एवढंच."

भगवंताने टायरवरून आडवा हात फिरवला. एका बाजूला गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं बोटांना लागलं. चाक तिरकं चालून रबर फरफटत गेलं होतं. काशीचंच खरं होतं. 'सवय होईल' एवढं म्हटलं असतं तरी साहेबांनी विश्वास ठेवला असता.

"साहेब, शर्यतीत नेऊ नका," तो म्हणाला. "चाकं चुकलीत. मला दिसत नाय आता. दुसऱ्याकडून करून घ्या."

काशीच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. विष्णुपंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गोष्ट कॅम्पभर झाली. कोणी वाईट बोललं नाही, पण लॉऱ्या दारावरून पुढे जाऊ लागल्या.

सोमवारी विष्णुपंत मुद्दाम गॅरेजपाशी थांबले. दुसऱ्याकडून चाकं नीट करून घेतली, शर्यतीत दुसरा नंबर आला, असं सांगून पेढे देऊन गेले. भगवंता दारात उभा राहून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत होता.

"कुठल्या बाजूला ओढतेय का गं?"

"नाय. सरल चाललीय."

"नीट बघ."

गाडी केव्हाच वळणाआड गेली होती. काशी रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "बगतेय ना. एकदम सरल."