हेस्टरच्या पत्रातलं एक वाक्य

म्यूरिएल लस्कमने इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका शब्दकोश कचेरीत सव्वीस वर्षं काढली, आणि त्यातली पंचवीस दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. चुकलेला स्वल्पविराम तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. भिंतीवर तिच्याच हातची पाटी होती: 'आलेले कागद खुणेसाठी पुस्तकात घालू नयेत.' एका कारकुनाने तसं केलं, तेव्हा बाईंनी चारचौघांत त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचाऱ्याने दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली.

शेवटच्या वर्षी तिच्या टेबलावर 'लूज' (lose) हे क्रियापद आलं. दिसायला एवढंसं, पण महाखट. किल्ली हरवली तरी तेच, सामना हरला तरी तेच. वाट चुकली, वेळ दवडला, नोकरी गेली, धीर सुटला, घरचं माणूस वारलं, सगळ्याला इंग्रज माणूस हे एकच क्रियापद लावतो. म्यूरिएलने एकेका अर्थाच्या वाक्यांच्या चिठ्ठ्यांची वेगळी चळत लावली. शेजारी त्याच अर्थाचे भाऊबंद शब्द मांडले आणि कुठे कोणता चालतो, कोणता चालत नाही, ते नेटकं लिहिलं. एकच चळत रिकामी राहिली, घड्याळ मागे पडण्याची. त्यालाही तिकडे हेच क्रियापद. कोशासाठी हौसेने वाक्यं टिपून पाठवणारे लोक गावोगाव होते. तिने त्यांना पत्रं धाडली.

क्रेडिटन गावाहून रूबेन चग नावाच्या म्हाताऱ्या घड्याळजीचं पाकीट आलं. वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवायचं, असा नियम होता. चगने मूळ पत्राचं पानच पाठवलं होतं. सोबत दोन वाकड्या ओळी: 'हात थरथरतो, उतरवता येत नाही. माझ्या हेस्टरचं आहे. काम झालं की परत करा.' हेस्टर म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो पहिल्या महायुद्धात लढाईवर असताना तिने हे पत्र लिहिलेलं.

म्यूरिएलने पानावरून नजर फिरवली, हवं ते वाक्य मधोमध सापडलं, ते चिठ्ठीवर उतरवलं आणि खाली तारीख घातली. तारखेसकट असं घरगुती वाक्य रोज थोडंच मिळतं! स्वारी भलती खूश झाली. जेवायच्या सुट्टीत ती वाचनालयातली कादंबरी उघडून बसली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तेव्हा हाताशी जो कागद आला तो तिने खुणेला घातला. शनिवारी कादंबरी परत केली.

सोमवारी तिला पान आठवलं. तशीच ती वाचनालयात धावली. कादंबरी जागेवर होती, पान नव्हतं.

"कागदबिगद निघाले की आम्ही टाकून देतो हो," तिथली मुलगी म्हणाली. "लोक काय काय ठेवतात पुस्तकात! परवा तर बेकनचा तुकडा निघाला."

चगने पान परत मागितलं, तेव्हा खरं कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. बाईंनी कळवलं, 'पान छापखान्यात सुरक्षित आहे.' शिवाय 'सुरक्षित'खाली रेघ ओढली. चार महिन्यांनी चगने पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा तीच थाप, तीच रेघ. भिंतीवरच्या पाटीकडे मात्र तिला बघवेना. नव्या मुलींची चूक दाखवायला तोंड उघडलं की तिचेच कान तापायचे. शेवटी तिने पाटी काढून खणात घातली, आणि रंग उडालाय म्हणून सांगितलं. तीही थापच.

ऑक्टोबरात एका दुपारी मुख्य संपादक प्रिडम दारात उभे राहिले. मागे टोपी हातात धरलेला एक वाळका म्हातारा.

"लस्कमबाई, हे मिस्टर चग. यांचं पत्र छापखान्यात आहे म्हणे. मूळ कागद छापखान्यात कधीपासून जायला लागले आपल्याकडे?"

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. म्यूरिएलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छापखान्यात नाहीये ते," ती म्हणाली. "मी खूण म्हणून कादंबरीत घातलं, आणि गेलं. माझ्याच हातून गेलं. तुम्हाला दोनदा खोटं लिहिलं मी, मिस्टर चग."

कोणीतरी खुदकन हसलं. प्रिडमनी तिकडे असं पाहिलं की हसू तिथेच विरलं, मग ते स्वतःही निघून गेले.

चग खुर्चीवर टेकला. "रेघ पाहिली तेव्हाच शंका आली होती," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या घड्याळाची स्प्रिंग माझ्या हातून तुटली की मीही असंच ठासून सांगायचो. 'अगदी झालंच हो तुमचं.' जाऊ द्या, रडू नका बाई."

"मी काय करू, सांगा. काहीही करीन."

"कागदाचं एवढं नाही हो. पाठच होता मला. पण गेल्या हिवाळ्यात आजारी पडलो, तेव्हापासून डोक्यातलं गळतंय. तुम्ही वाचलंय ना ते? सांगा की तोंडाने."

म्यूरिएलच्या जिवात जीव आला. ते वाक्य तिला झोपेतही म्हणता आलं असतं. तिने ते सावकाश म्हटलं, "'तू गेल्यापासून दिवाणखान्यातलं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतंय, पण मी कोणाला हात लावू देत नाहीये. आलास की तूच बघ.'"

म्हातारा डोळे मिटून हसला. "हां. इथवर आठवतं मलाही. याच्या पुढचं जातं निसटून. चार-पाच ओळी होत्या खाली. सांगा, पुढे काय म्हणते ती?"

म्यूरिएलने तोंड उघडलं. टेबलावर 'लूज'च्या चळती ओळीने लागल्या होत्या. त्या वाक्याच्या खाली ते क्रियापद नव्हतं, म्हणून तिची नजर तिथे थांबलीच नव्हती.

"पुढचं मी वाचलं नाही," ती म्हणाली.

चग टोपी डोक्यावर चढवू लागला. मग हळूच उठला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्या कामाचं नव्हतं ते."