सलूनवाल्या दादांची ढेरी

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळेच दादा म्हणत. हात हलका, तोंड सैल. पण पंचेचाळिशीत त्यांचं पोट असं सुटलं की गिऱ्हाइकाच्या खांद्याला आधी ते लागायचं, मग कात्री.

एकदा शाळेतले कवायतीचे निवृत्त मास्तर दाढीला बसले होते. दादा वाकले आणि कंबरेत अशी कळ आली की वस्तरा हवेतच थांबला.

"काय दुखतंय?" मास्तरांनी फेसातूनच विचारलं.

"कंबर."

"ती बिचारी काय करणार? पुढचं ओझं एकटीच ओढतेय. पोटाच्या स्नायूंना लाव की कामाला!"

आणि अर्ध्या दाढीनिशी खाली उतरून त्यांनी व्यायाम दाखवला. कोपरं नि चवडे जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ, बेंबी आत.

दुपारी दुकान रिकामं बघून दादांनी करून पाहिलं. आठ मोजेपर्यंत हातपाय लटपटले. तेवढ्यात समोरचे शिंपीकाका दारात. "काय हरवलं रे?" म्हणत तेही गुडघे टेकून खुर्चीखाली शोधायला लागले. खरं सांगायची दादांना लाज वाटली. "बटण," ते म्हणाले. मग दोघांनी मिळून न हरवलेलं बटण चांगली दहा मिनिटं शोधलं.

घरी वहिनींनी खाण्याचा ताबा घेतला. दर तासाचा गोड चहा दिवसातून दोनदाच, तळलेलं बंद, डब्यात कडधान्यं, काकडी, उकडलेली अंडी. आठवड्याने दादा कुरकुरले, "काही फरक नाही गं."

"पी हळद अन् हो गोरी, असं असतं का? वीस वर्षं लागली फुगायला!"

त्या रागात दादांनी बेकरीत दोन क्रीमचे बन हाणले आणि साळसूदपणे घरी आले.

वहिनींनी एकदाच बघितलं. "जगाच्या मिशा कोरता ना? स्वतःची पुसून तरी यायचं!"

दादा इतके ओशाळले की आता लपवाछपवी नको म्हणून दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं दार सताड उघडं ठेवून व्यायाम करू लागले. पोरं दारातून मोठमोठ्याने आकडे मोजायची. पाचव्या महिन्यात साठ झाले. कंबर दुखायची थांबली. पोट गेलं नाही, पण आत सरकलं.

मग ते पट्टा घेऊन चांभाराकडे गेले.

"नेहमीसारखं टोकाकडे पाडू ना भोक?"

"नाही," दादा छाती काढून म्हणाले, "बकलाकडे."